गुंडाचं खळं

रंगुबाईला समुद्र आवडत नाही. सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या पूर्वेला, ओढ्याला गुडघाभर पाणी आलं तरी लोक बघायला जातात अशा भागात तिची वस्ती. तिथल्या बाईनं समुद्राबद्दल काही मत बाळगावं, ह्याचं नव्या माणसाला नवल वाटतं. पण लग्न होऊन आल्यावर पंचवीस वर्षं ती मेंढरांमागं दर दिवाळीनंतर घोड्यावर संसार लादून घाट उतरली आहे आणि वळीव सुरू व्हायच्या आत परत वर आली आहे. टीव्हीवर समुद्र दिसला की ती म्हणते, "एवढं पानी, पन तांब्यात घेता येत न्हाई. काय करायचं त्येचं?"

वयाचा अंदाज ती बाहत्तरच्या दुष्काळावरून काढते. दुष्काळात लग्न झालं, तेव्हा अठराची होती. पुढचं ज्यानं त्यानं मोजावं. नवरा हरिबा पाच वर्षांनी मोठा. त्याचे गुडघे गेलेत, आवाज गेलेला नाही. मुलगा धनाजी बटाटा आणि घेवडा करतो, सून पल्लवी घर बघते. वस्तीवर अजून बारा मेंढरं आहेत. ती विकायची नाहीत, कारण ती नसली तर हरिबाला सकाळी उठायचं कारण राहणार नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

हरिबाला एक धाकटा भाऊ आहे, गुंडा. तो तिकडं कुंडलला असतो. पन्नास वर्षांत दोघं एकमेकांशी बोललेले नाहीत, एकमेकांच्या दारात गेलेले नाहीत. पोरांची लग्नं झाली, आईची माती झाली, तरी नाही. वस्तीवर गुंडाचं नाव माणसाचं म्हणून कुणी घेत नाही. जागेचं म्हणून मात्र घेतलं जायचं.

ह्या वस्तीवर माघात मयूरी आली. साताऱ्याची मुलगी, कॉलेजात भूगोल शिकवते. पाठीला सॅक, डोक्याला ओढणी गुंडाळलेली, स्कूटी धुळीनं पांढरी झालेली. खाली कोकणातल्या बारा-पंधरा किलोमीटरच्या खडकाळ किनाऱ्यावर तिचं काम चाललं होतं. तिथल्या प्रत्येक दगडाला, घळीला, कड्याला जे नाव आहे ते कुठून आलं, हे ती गोळा करत होती. पुस्तक निघणार होतं, नकाशा निघणार होता. बहुतेक नावांचा पत्ता तिथल्या कोळ्यांनी आणि शेतकऱ्यांनी दिला. पण एकोणीस नावांशी सगळे अडले. "ती नावं आमची नव्हेत," ते म्हणाले. "वरून धनगर यायचे मेंढरं घेऊन, ती त्यांनी ठेवलेली. त्यांना विचारा." म्हणून समुद्राकाठच्या दगडांची चौकशी करत पोरगी फिरत फिरत ह्या कोरड्या माळावर येऊन पोचली होती.

हरिबाला इतकी वर्षं कुणी काही विचारलं नव्हतं. त्यानं पल्लवीला दोनदा चहा टाकायला लावला आणि कट्ट्यावर मांडी घालून बसला.

"लिव," तो म्हणाला. "पैलं ह्ये लिव, की आमचा वाडा म्हंजी भिंतीचा न्हवं. आट-दहा घरं, त्यांची मेंढरं, घोडी, कुत्री, समदं मिळून वाडा. त्यो रोज चालनार. आमच्या वाड्याचा कारभारी नाथाजी. सकाळी त्यो निस्तं नाव सांगायचा. 'आज मिठाचा दगड.' झालं. गडी मेंढरं घिऊन चरत चरत निघायचं, बाया घोड्यावर पालं लादून, कोकरं घिऊन म्होरं. सांच्याला दोगांनी एकाच ठिकानी पोचायचं. नाव न्हाई तर वाडा मोडला."

"मिठाचा दगड का म्हणायचे, आजोबा?"

"लाटंचं पानी वाळून दगडावर मीठ बसायचं. मेंढरं चाटायची. तितनं हलायचीच न्हाईत."

बुजऱ्या घोडीचा कडा. तिथं खालून लाटेचा आवाज आला आणि घोडी भांड्यांसकट उधळली. कुत्र्याचं पाणी. कातळातला झरा कुत्र्यानं शोधून दिला. एकेक नाव निघत होतं, मयूरीचं पेन पळत होतं, मोबाइल कट्ट्यावर टेप करायला ठेवलेला होता. रंगुबाई थोड्या अंतरावर सुपात घेवडा निवडत बसली होती. ती मध्ये बोलत नव्हती. बायकांनी ठेवलेली नावं हरिबा आपली म्हणून सांगत होता, तरीही.

"आणि नाथाजीची वहाण?"

हरिबा खुलला. "कारभाऱ्याची वहाण लाटंनं नेली. गडी एका पायानं घाटमाथ्यापातूर चालला. आता आमची रीत आयक. जनावराचं, दगडाचं, पान्याचं नाव कशावरनंबी पडंल. पन मानसाचं नाव जागंला कवा लागायचं? तर त्या मानसानं तितं चूक केली आसंल तवाच. ज्येनं केली त्येचं नाव. म्हंजी पुढल्या साली तितं पोचला की समद्यांनी हुशार व्हायचं. कारभाऱ्यानं सवताचं बी नाव सोडलं न्हाई, बघ."

मयूरीनं वहीतलं पान मागं उलटलं. "म्हणजे गुंडाचं खळं, ते पण..."

घेवड्यातली रंगुबाईची बोटं थांबली.

"त्ये खाली काय म्हंत्यात, त्ये सांग आदी," हरिबा म्हणाला.

"ते म्हणतात, गुंडा नावाचा राक्षस होता. समुद्रात तो सपाट कातळ आहे ना, त्यावर तो भात झोडायचा."

हरिबा इतका हसला की त्याला ठसका लागला. "राक्षस! आगं पोरी, पाच फुटाचा गडी त्यो. माझाच भाऊ. बाहत्तरच्या म्होरल्या सालाची गोष्ट. दुष्काळानं मेंढरांचं निम्मं खांड गेल्यालं, त्या साली येकेचाळीस कोकरं जगलीती. तीच पुढची आशा. गुंडा सतरा वर्साचा, बायांच्या संगट गडी म्हनून दिला. ह्या शान्यानं कोकरं कुटं बसवली, तर समुद्राच्या आत. पानी मागं गेल्यालं हुतं, कातळ उगडा पडल्याला. सांच्याला पानी आलं. सत्तावीस कोकरं बुडाली. माझी त्यात अकरा. आन चूक केली ती केली, वर रुसून निगून गेला. लिव, 'गुंडाची चूक' म्हनून लिव."

मयूरीनं लिहिलं. मग म्हणाली, "आजोबा, हे पुस्तकात येणार, आणि किनाऱ्यावर नावांचे फलक लागणार आहेत, तिथंही दोन ओळी येतील. त्यांना विचारायला हवं. ते हयात आहेत?"

"मेला आसंल."

"जित्ता हाय," रंगुबाई म्हणाली. पल्लवीच्या मोबाइलवर कुंडलच्या सोनियाचे, म्हणजे गुंडाच्या नातीचे, फोटो येतात. तरण्या पोरींनी भांडण पुढं चालवलेलं नाही. गेल्या महिन्यातच म्हातारा वाढदिवसाचा केक कापताना दिसला होता, डोक्यावर कागदाची टोपी घालून.

हरिबानं बायकोकडं बघितलं नाही. मयूरी म्हणाली, पुढच्या गुरुवारी ती सगळं नीट लिहून आणील, वाचून दाखवील, मग छपाईला जाईल.

स्कूटी गेली. रंगुबाईनं सूप उचललं तेव्हा निवडलेला आणि खराब घेवडा तिनं एकत्रच करून ठेवलेला होता.

खरं काय झालं होतं ते आता जगात दोघांनाच ठाऊक होतं. त्यातला एक कुंडलला होता.

त्या साली वरच्या सड्याचं, कातळमाळाचं गवत कुणीतरी पेटवलेलं. नेहमीच्या जागी काळी राख. सासूला ताप, ती घोड्यावर अंग टाकून होती, म्हणून पुढच्या घोडीचा कासरा पहिल्यांदाच रंगूच्या हातात आला होता. एकोणीस वर्षांची, लग्नाला वर्ष झालेलं. पुढची घोडी जिच्या हातात ती जागा धरणार, असा बायकांचा शिरस्ता. उन्हं डोक्यावर आली, कोकरं बेंबाटायला लागली, आणि खाली समुद्राच्या कडेला तिला तो कातळ दिसला. सपाट, काटा नाही, सराटा नाही, सारवून काढलेल्या खळ्यासारखा. आत्तापर्यंत वाडा ह्या ठिकाणी वरच्या अंगानंच जायचा. खाली उतरून मुक्काम कुणी केलेला नव्हता. पाणी आहे ते लांब आहे, एवढं तिला दिसलं. कोकरं जाळीत कोंडली, जाळीच्या कडेवर धोंडे ठेवले. बाया पाण्याला आणि जळणफाट्याला वर गेल्या, गुंडा घोडी चरायला घेऊन गेला. कातळ आणि काठ ह्यांच्यामध्ये एक घळ होती. पाणी पहिल्यांदा त्या घळीत शिरलं, मागच्या बाजूनं. बाया परत येईपर्यंत कातळ पाण्यात एकटा उभा होता.

गुंडाला पोहता येत नव्हतं. त्या वाड्यात कुणालाच येत नव्हतं. पोहायला पाणी लागतं. तरी तो घोडी सोडून धावत आला, छातीभर पाण्यात शिरला आणि दोन्ही काखोटीला एकेक कोकरू मारून खेपा घालत राहिला, घळीत पाय टेकत होते तोवर.

संध्याकाळी गडी आले. नाथाजीनं बायकांकडं बघितलं नाही. जागा बाया धरतात हे त्याला ठाऊक होतं, पण बरोबर गडी असला की जाब गड्याला विचारायचा.

"जागा कुनी धरली?"

रंगूनं तोंड उघडलंही होतं. गुंडा तिच्या आधी म्हणाला, "म्या."

हरिबानं मेंढरं हाकायची काठी त्याच्या पाठीवर मोडली. सकाळी नाथाजीनं जागेला नाव दिलं. पंधरा दिवसांनी घाटमाथ्यावर आल्यावर गुंडा वाड्याबरोबर घराकडं वळलाच नाही. मावशी होती कुंडलला, तिकडं चालता झाला.

रंगुबाईनं तेव्हा सांगितलं नाही, कारण सासूनं तिला माहेरी धाडलं असतं. पुढच्या वर्षी पोटुशी होती. त्याच्या पुढच्या वर्षी धनाजी अंगावर पीत होता. मग नावच ओळीत बसलं. संध्याकाळी पालापुढं पोरांना बसवून किनाऱ्याची नावं क्रमानं म्हणायला लावायचे, पुढं वाट चुकू नये म्हणून. धनाजी बोलायला शिकला तोच हे म्हणत: मिठाचा दगड, बुजऱ्या घोडीचा कडा, नाथाजीची वहाण, गुंडाचं खळं. बोबड्या बोलात तो 'गुंलाचं खलं' म्हणायचा आणि गडी हसायचे. दर वर्षी ती त्या कातळाजवळून पुढं जायची ती घोडीच्या उजव्या अंगाला राहून, म्हणजे कातळ आणि ती ह्यांच्यामध्ये घोडी यायची. तोंडानं म्हटलेलं एक वेळ वाऱ्यावर जातं. वाडा मोडला, नाथाजी गेला, पोरं मोबाइलवर वाट बघायला लागली. हे नाव आपोआप पुसलं जाईल, असं तिनं धरून ठेवलं होतं. आता ते फलकावर लागणार होतं, कारणासकट.

गुरुवारी मयूरी आली. कागद व्यवस्थित टाइप केलेले होते. ती वाचत गेली, हरिबा मान डोलावत गेला.

"गुंडाचं खळं. नाथाजीच्या वाड्यातील गुंडा या तरुणानं ओहोटीच्या वेळी कातळावर कोकरं बसवली..."

"थांब बाई," रंगुबाई म्हणाली. "त्ये खोड."

"काय खोड?" हरिबा म्हणाला. "बरुबर लिवलंय तिनं."

"जागा गुंडानं धरली न्हाई. म्या धरली."

"तू गप. तुला काय ठावं?"

"मला न्हाई तर कुनाला? म्होरच्या घोडीचा कासरा माज्या हातात हुता. तुमी दोन कोस मागं मेंढराबरुबर." ती कट्ट्याला टेकून उभी राहिली. "त्यो म्हनला हुता, वैनी, हितं वल का हाय? म्या म्हनलं, दव पडलं आसंल."

"दुपारी?" मयूरीच्या तोंडून निघून गेलं.

"व्हय, दुपारी. आता हासू येतंय. आमच्या गावाला वड्याचं पानी एकदा गेलं की गेलं, पुढल्या सालापातूर. गेल्यालं पानी त्याच दिशी माघारी येतंय, ह्ये आमाला कोन सांगनार?"

हरिबानं काठी घेतली, उठला, आणि मेंढरं कोंडायच्या वाडग्यात जाऊन आतून कडी लावून बसला. मयूरीनं मोबाइल बंद करायला हात पुढं केला.

"बंद कशापायी करतीस? राहू दे चालू," रंगुबाई म्हणाली. "आजून हाय." आणि तिनं सगळं सांगितलं, जळणफाट्याला गेल्यापासून काठी मोडली तिथपर्यंत. सांगताना तिचा आवाज हलला नाही. पल्लवी दारात उभी राहून ऐकत होती, तिचं दूध उतू गेलं.

मयूरीनं छपाई थांबवली. आता तर गुंडाला भेटल्याशिवाय एक शब्दही छापता येणार नाही, असं ती म्हणाली.

हरिबानं बायकोशी बोलणं टाकलं. त्यातही त्याची पद्धत होती. जेवायला बसला की तो भिंतीकडं बघून म्हणायचा, "पल्लवे, तिला इचार, ठेचा हाय का."

"पल्लवे, त्येनला सांग, ताटातच हाय, डोळं उगडून बघा."

"पल्लवे, तिला म्हनावं, आमाला दव पडल्यालं दिसतंय."

"मी काय मोबाइलचा टावर हाय व्हय?" पल्लवी म्हणाली. "हिकडनं तिकडं नि तिकडनं हिकडं!"

शेतात बटाटा काढताना धनाजीनं विचारलं, "आये, आदी का न्हाई सांगितलंस?"

"आदी म्हंजी कवा?" रंगुबाई म्हणाली. "तुज्या जल्माच्या आदी, का तुज्या आज्जीच्या मरनाच्या आदी? आदी लय हुतं, धना. परत्येक आदीला कायतरी निगायचं."

तिला वाटलं होतं, बोलून टाकलं की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. फक्त रात्री जेवण जरा जास्त जायला लागलं.

नवव्या दिवशी सकाळी हरिबा धुतलेलं धोतर नेसून, तांबडं पागोटं बांधून कट्ट्यावर येऊन बसला. "धना, गाडी काढ. कुंडलला जायाचं."

धनाजीनं बटाटा नेतो तो छोटा हत्ती टेम्पो पुसून आणला. पल्लवीनं कुंडलला आणि मयूरीला दोन्हीकडं फोन लावले. हरिबा पुढं चढला, मग रंगुबाईकडं वळून थेट तिला म्हणाला, "तू बी चल. चूक तुजी. मी एकला जाऊन काय सांगू?"

नऊ दिवसांतलं हे तिच्याशी पहिलं वाक्य. ती चढली. तिघं पुढं दाटीवाटीनं बसले. पुसेसावळी आली, कडेगाव आलं, माळ संपून ऊस सुरू झाला. हरिबा रस्त्याकडच्या भरल्या पाटाकडं बघून म्हणाला, "पानी लय हाय हिकडं." त्यात भावाचा हेवा होता की कौतुक, ते धनाजीला कळलं नाही.

गुंडाचं घर गावाबाहेर, द्राक्षबागेच्या कडेला. बाग दुसऱ्याची, गुंडानं पस्तीस वर्षं छाटणीच्या टोळीत पलूसपर्यंत लोकांच्या बागा छाटल्या, त्यातून पोरानं हे स्लॅबचं घर बांधलं. मयूरी एसटीनं आधीच येऊन पोचली होती. म्हातारा बनियनवर ओट्यावर बसला होता. तो खरंच पाच फुटाचाच होता. आता त्याहून थोडा कमी.

दोन्ही भावांनी एकमेकांकडं बराच वेळ बघितलं.

"क्यास गेलं की रं समदं," गुंडा म्हणाला.

"तुजं दात गेलं," हरिबा म्हणाला, आणि ओट्यावर बसला.

सोनियानं चहा आणला. रंगुबाईनं तो खाली ठेवला. तिला आधी बोलायचं होतं. ती म्हणाली, "भावजी, म्या समदं सांगितलंय. जागा माजी हुती. ही बाई पुस्तक छापतीया, फलक लावनार हाईत. तुजं नाव काडायचं नि माजं लावायचं. रंगूचं खळं. तेवढं सांगाय आलोय."

गुंडा एका कानानं कमी ऐकतो. सोनियानं त्याच्या दुसऱ्या कानाशी सगळं परत सांगितलं. तो ऐकत ऐकत ताठ झाला.

"नाव काडायचं? कुनी सांगितलं?"

"आरं, चूक माजी..."

"वैनी, घर पोराच्या नावावर हाय. गाडी नातवाच्या नावावर. लाइटचं बिल बी माज्या नावानं येत न्हाई. दर्यात एवढं खळं माज्या नावानं हाय, आन तुमी पन्नास वर्सांनी माज्या दारात आलाय त्ये बी काडून घ्यायला?"

हरिबानं आ केला. मयूरी म्हणाली, "आजोबा, तिथं लोक म्हणतात, गुंडा राक्षस होता म्हणून."

"काय? परत सांग."

"राक्षस. तिथं भात झोडायचा."

"सोने, आयकलंस का? राक्षस!" गुंडानं मांडीवर थाप मारली. "तुज्या बापाला सांग, म्हनावं राक्षसाशी नीट बोलत जा."

रंगुबाई हसली नाही. इतक्या वर्षांत तिनं ह्या भेटीची पुष्कळ रूपं मनात करून बघितली होती; त्यात तो शिव्या द्यायचा, एकदा तर तोंड फिरवून उठून जायचा. हे रूप त्यात नव्हतं. "मग तवा का घेतलंस रं अंगावर?" तिनं विचारलं. "मी बोलनार हुते."

गुंडानं बशीत चहा ओतला. "खरं सांगू? मला मेंढरं नकोच हुती. सकाळी उटलं की चाल, सांच्याला बस, परत चाल. पाय सुजायचं. वाडा सोडायला निमित्त गावत न्हवतं. नाथाजीनं इचारलं, जागा कुनी धरली. मी म्हनलं, घ्या, म्या. दादा चार शिव्या दील, आपुन सुटू."

हे खरं की तिचं ओझं उतरावं म्हणून रचलेलं, हे रंगुबाईला ओळखता आलं नाही. खरं असलं तर पंचवीस वर्षं ती उगाच घोडीच्या आडून चालली होती. तिला थोडा रागच आला. तिनं चहा उचलला आणि पिऊन टाकला.

"म्हंजी तू मला फसवलंस," हरिबा म्हणाला.

"मी? तू मला इचारलंस व्हय, दादा? नाथाजीनं इचारलं, त्येला सांगितलं. तू कुटं इचारलंस? तू काठी घातलीस." गुंडानं हे भांडणाच्या सुरात म्हटलं नाही. हवापाण्याबद्दल बोलावं तसं म्हटलं. "तवाबी न्हाई इचारलंस, मागनं बी न्हाई. मी म्हनत हुतो, येईल कवातरी इचाराय."

बागेत कुणीतरी फवारणीचा पंप चालू केला, मग बंद केला.

हरिबा पागोट्याचं टोक चाचपत बसला. मग म्हणाला, "चौदा कोकरं काडलीस तू."

"पंधरा."

"चौदा. म्या मोजलीती."

"पंधरावं तुज्या घोंगड्यात मेलं सकाळी. पान्यातनं म्या जित्तंच काडलं हुतं. त्ये माज्यात धरायचं."

"त्ये मेल्यालंच हुतं."

"दादा, कान हालवत हुतं त्ये!"

त्यावर दोघांची चांगली जुंपली. मयूरी गोंधळून धनाजीकडं बघायला लागली. धनाजी म्हणाला, "भांडू द्या, म्याडम. बोलाय लागल्यात." शेवटी रंगुबाईनं निवाडा दिला. पंधरा. ती काठावर उभी होती, कोकरं तिच्याच हातात येत होती. त्या पंधराव्याचा कान तिनंही बघितला होता.

मयूरीनं पुस्तकाचा कच्चा कागद काढला. त्यात रकाने होते: जागेचं नाव, कुणी ठेवलं, नावामागचं कारण. पहिला रकाना तसाच ठेवायचा, हे गुंडानं तिच्याकडून दोनदा कबूल करून घेतलं. कारणाचा रकाना तिनं खोडला आणि नव्यानं लिहायला घेतला. रंगुबाई सांगत गेली. तिला शब्द शोधावे लागले नाहीत. मयूरीनं लिहून झाल्यावर वाचून दाखवलं: "कोकरं बसवायला ही जागा रंगुबाईनं धरली. गुंडानं ओल बघून शंका काढली होती, ती तिनं ऐकली नाही. पाणी आल्यावर गुंडानं पंधरा कोकरं काढली आणि चूक आपली म्हणून सांगितली."

"बरुबर," रंगुबाई म्हणाली.

"माजी हरकत न्हाई," गुंडा म्हणाला. "राक्षसाचं बी आसू दे कुटंतरी."

"ते आहेच, वेगळं."

मयूरी टोपण लावायला लागली तसा हरिबा म्हणाला, "थांब. आजून एक लिव."

"काय, आजोबा?"

"हरिबानं इचारलं न्हाई."

गुंडानं ऐकू येणारा कान पुढं केला. सोनिया सांगायला वाकली, पण रंगुबाईनं हातानंच तिला थांबवलं.

"आजोबा, रकाना भरला," मयूरी म्हणाली. "एवढीच जागा आहे."

"मग बारीक लिव," हरिबा म्हणाला.

तिनं कागद आडवा केला आणि रकान्याच्या कडेनं, उभ्या रेघेला चिकटून, ते तीन शब्द लिहिले. हरिबाला वाचता येत नाही. तरी तो वाकला, गुडघ्यावर हात टेकून, आणि ती ओळ सुरू होते कुठं आणि संपते कुठं ते बोटानं विचारून घेतलं.